दोनशे पावलं, सगळी सपाट

लिस्बनबद्दल काही विचारायचं असेल तर अमेरिकेत आमच्या मॉरिसव्हिलमधली मराठी माणसं मला विचारतात. उगाच नाही विचारत. कुठल्या गल्लीत सकाळचं ऊन येतं, कुठल्या कॅफेची टेबलं खरोखर फुटपाथवर असतात आणि कुठली नुसती दारात दाटीवाटीनं मांडलेली, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. आजवर सतरा कुटुंबांची आयटिनररी करून दिली. एकाचीही तक्रार नाही.

मी लिस्बनला गेले आहे, असं मी कधी कुणाला म्हटलं नाही. गेले नाही, असंही म्हटलं नाही. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि मी समजू दिलं.

खरं म्हणजे सात वर्षांत मी अमेरिकेबाहेर पाऊल टाकलेलं नाही. माझ्या पासपोर्टातला व्हिसा केव्हाच संपला. इथे राहून नोकरी करायला त्याची अडचण नाही, पण एकदा बाहेर पडलं की भारतातून नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही. आमच्या टीममधली ज्ञानदा बहिणीच्या लग्नाला गेली आणि त्या शिक्क्यापायी चार महिने तिकडे अडकली. तिचा लहान मुलगा इथे, ती तिथे. तोंड तिचं पोळलं, ताक मी फुंकून पिऊ लागले. नागपूरला माझी आई आहे. ती फोनवर हल्ली "कधी येतेस?" असं विचारत नाही, जेवलीस का एवढंच विचारते.

शनिवारी माझा मुलगा वेद पोहायला गेला, की मी कम्प्युटरवर स्ट्रीट व्ह्यू उघडून लिस्बनच्या एखाद्या गल्लीत शिरते. बाण दाबत पुढे जायचं, मान वळवून दोन्ही बाजू बघायच्या, खुर्च्या मोजायच्या. पाच वर्षं हे चाललं आहे. "यार नीलांबरी, तू तिथल्या कुत्र्यांनाही ओळखत असशील," असं माझा नवरा परीक्षित म्हणतो. त्यातल्या दोघांना ओळखते.

मार्चमध्ये मालिनीकाकू भेटायला आल्या. चार घरं सोडून सौमित्र राहतो, त्याची ही आई. वय बहात्तर, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सौमित्र त्यांना एप्रिलमध्ये लिस्बनला नेणार होता. त्याच्याकडे ग्रीन कार्ड, त्याला कसली धास्ती!

"म्युझियम, किल्ले काही नको मला," काकू म्हणाल्या. "फुटपाथवर खुर्ची टाकून, रस्त्याकडे तोंड करून कॉफी प्यायची आहे. आमचे हे रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे तासभर बसायचे. मी चाळीस वर्षं त्यांच्यासमोरून भाजीची पिशवी घेऊन घरी गेले. बाईनं तिथे टेकायचं नसतं, हे कुणाला सांगावंही लागलं नाही."

त्यांच्यासाठी मी तीन शनिवार घातले. शेवटी अल्फामा नावाच्या जुन्या भागात एक गल्ली सापडली. निळ्या फरशांच्या भिंती, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, पलीकडच्या टोकाला कॅफे, बाहेर सहा टेबलं. मी कागदावर लिहून दिलं : टॅक्सी तोंडाशी सोडेल, तिथून दोनशे पावलं, सगळी सपाट. 'सपाट'खाली रेघही मारली.

मे महिन्यातल्या एका रविवारी इथल्या मराठी मंडळात माझं भाषण ठरलं, 'लिस्बनच्या गल्ल्या आणि फुटपाथवरची कॅफे'. त्याआधीच्या गुरुवारी काकू काठी टेकत एकट्याच आल्या. मी उत्साहानं विचारलं, "मग? कशी वाटली आपली गल्ली?"

"दोनशे पावलं बरोबर निघाली असावीत," काकू खुर्चीत बसत म्हणाल्या. "पण चढ आहे गं. चांगला दम काढणारा. ऐंशीव्या पावलाला गुडघ्यानं हात टेकले. एका दुकानाच्या उंबऱ्यावर बसले मी, तुझ्या कॅफेपर्यंत काही पोचले नाही."

मी काहीतरी बोलायला लागले. त्यांनी हात वर केला. "तो चढ एकदा चढलेलं माणूस विसरायचं नाही. तू गेलेली नाहीस ना तिथे?"

"नाही," मी म्हणाले.

"मी कुणाला सांगणार नाही," काकू म्हणाल्या. "रविवारी पुढच्या रांगेत बसेन मात्र."

कम्प्युटरवर बाण दाबणाऱ्या बोटाला धाप लागत नाही, हे मला पाच वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. त्या दिवशी मला फार लाज वाटली. पकडली गेले म्हणून थोडी, आणि त्या गुडघ्यासाठी पुष्कळ.

परीक्षित म्हणाला, "भाषण कॅन्सल कर. तब्येत बरी नाही म्हणून सांगतो मी." मी त्याला म्हटलं, माझी तब्येत ठणठणीत आहे आणि लिस्बनची माहितीही. तू फक्त फोटो वेळेवर पुढे सरकव.

रविवारी पन्नासएक माणसं होती. काकू शब्द पाळून पुढच्या रांगेत, काठी मांडीवर आडवी. मी दणक्यात सुरुवात केली. कुठली गल्ली दुपारची, कुठली तिन्हीसांजेची, सगळं सांगितलं. मग पडद्यावर ती निळी गल्ली आली.

"ही सपाट दिसते," मी म्हणाले. "सपाट नाही. चांगलाच चढ आहे. हे मला मालिनीकाकूंनी सांगितलं, कारण मी लिस्बनला गेलेले नाही. एकदाही नाही."

आमच्या मंडळाचा अध्यक्ष विक्रम उभा राहिला. "म्हणजे आमची आयटिनररी तू घरी बसून केलीस?"

"हो. आणि परत आल्यावर तू म्हणालास, बेस्ट ट्रिप एव्हर."

विक्रमची बायको हिमानी शेजारी हसायला लागली. "सांगून टाक ना आता. अगं नीलांबरी, आम्ही गेलोच नाही. लास्ट मोमेंटला कॅन्सल केलं. व्हिसा स्टॅम्पिंगची भीती! आठवडाभर इथेच जवळ चार्ल्स्टनला जाऊन बसलो. तू एवढी मेहनत केलेली, तुला कसं सांगणार?"

मागून अरुणचा हात वर आला. "आम्हीपण. घरीच होतो. पडदे ओढून." मग आणखी एक हात, मग आणखी दोन. मी ज्यांना मोठ्या अभिमानानं लिस्बनला धाडलं होतं, त्यातले पाच जण माझ्यासारखेच इथल्या इथे लपून बसले होते. सगळेच हसत होते, मीही हसले, आणि हसता हसता मला आईची फार आठवण आली.

काकूंनी काठी जमिनीवर आपटली. "मग या गल्लीचं मीच सांगते," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यासाठी व्यासपीठावर खुर्ची ठेवली. त्या लोकांकडे तोंड करून ऐसपैस बसल्या.

"उंबऱ्यावर बसले, तर आतून दुकानाची बाई आली. माझ्याच वयाची. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. तिनं माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग आपला गुडघा दाखवला. आतून एक खुर्ची आणून बाहेर फुटपाथवर ठेवली. उतारावर ती डुगडुगायला लागली, तर एका पायाखाली दगड सारला. मग कॉफी आणली. सौमित्रला आणि सुनेला मी म्हटलं, तुम्ही या फिरून. पाऊण तास बसले मी तिथे, एकटी. रस्त्यानं माणसं जात होती. कुणीही मला ऊठ म्हटलं नाही."

मी वही काढून विचारलं, "काकू, नाव काय त्या दुकानाचं?"

"पाटी नव्हती."

सोमवारी सकाळी ऑफिसला लॉगिन करायच्या आधी मी शिक्क्याची अपॉइंटमेंट घेतली. ऑक्टोबरची मिळाली. अडकले तर अडकले, आईजवळच अडकेन. परीक्षित वेदला सांभाळेल, तो काही कुक्कुलं बाळ नाही, दोघंही नाहीत. शिक्का मिळाला की येताना वाट वाकडी करून तीन दिवस लिस्बन.

संध्याकाळी काकूंकडे सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली.

"ऐंशी पावलं चढ," त्या म्हणाल्या. "डाव्या हाताला हिरवं दार. खुर्ची ती बाई देईल. दगड मी भिंतीशी ठेवून आलेय."