ऑर्व्हलच्या शिट्ट्या

“जनरेटर बंद कर,” ऑर्व्हल दारातूनच म्हणाला. ना नमस्कार, ना चमत्कार. अजून उजाडायचं होतं, शेगडीवर माझी कॉफी होती, आणि हा माझा सत्तरी ओलांडलेला थोरला भाऊ गळ्यात हेडफोन अडकवून उभा.

मी बंद केला. नेहमीच करत आले. माझं फ्रीजमधलं हरणाचं मांस वितळेना का, मी चाचपडत बसेना का, साहेबांना आकाश ऐकायचंय. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला वीज कडाडली की तिची शिट्टी होऊन इथे उतरते म्हणे. ती पकडायची तर जवळपास चालू जनरेटर नको, विजेची तार नको. तारा अखंड घुमतात आणि त्या घुमण्यात शिट्टी बुडून जाते. तुम्हाआम्हाला त्यातलं काहीच ऐकू येत नाही. याच्या हेडफोनला जोडलेल्या डबड्याला तेवढं येतं.

आता या काउंटीत ते खांब रोवले कुणी? यानेच. आयुष्यभर वीज सोसायटीत लाइनमन होता. मोंटानाच्या या कोपऱ्यातल्या प्रत्येक गोठ्यात याने दिवा लावला, आणि सख्ख्या बहिणीचा नंबर आला की म्हणायचा, “पुढच्या वर्षी बघू, आर्डिस.” दिव्याखाली अंधार, दुसरं काय! माझ्या टेकडीमागची घळ एवढीच याला ऐकायला उरली होती. नवरा होता तोवर मी गप्प बसले. तो गेल्यावरही बसले, याची मला स्वतःचीच चीड येते.

त्या दिवशी तो घळीतून परतला तेव्हा मी सांगून टाकलं, की मी सोसायटीत अर्ज दिलाय आणि सोमवारी माणसं येताहेत. तो “हं” म्हणाला. कॉफी संपवली, कप विसळून ठेवला आणि गेला. भांडलाही नाही मेला.

सोमवारी ट्रकच्या आधी हा हजर. मला वाटलं, आता घालणार मोडता. पोरांनी जुना माणूस म्हणून त्यालाच विचारलं, लाइन माथ्यावरून वळवून न्यायची की सरळ घळीतून? माथ्यावरून गेली असती तर त्याची घळ थोडीफार वाचली असती. मी मनात म्हटलं, बघा आता याचा स्वार्थ.

“घळीतून न्या,” तो म्हणाला. “माथ्यावर वारा फार. पहिल्या हिमवादळात तार खाली येईल, आणि ही इथे एकटी असते.”

मग एक खांब तिरका बसला म्हणून त्याने पोरांना पुन्हा उकरायला लावला.

वीज आल्यावर तो येणार नाही असं मी धरून चालले होते. पण पुढच्याच रविवारी पहाटे त्याची गाडी घळीकडे वळली. या माणसाला अक्कल कधी येणार, असं बडबडत मी थर्मास घेऊन गेले. तो खांबाशेजारी खुर्ची टाकून, हेडफोन लावून बसला होता.

“आता काय ऐकतोस?” मी म्हटलं. “शिट्ट्या संपल्या तुझ्या. नुसती घुमघुम असेल.”

त्याने बोट वर केलं. मी थांबले.

“घुमघुम बदलली. तुझा फ्रीज सुरू झाला,” तो म्हणाला.

मूर्ख म्हातारा. थर्मास हातात धरून मी तशीच उभी राहिले, तो “झाला बंद” म्हणेपर्यंत.