गावरा क्रूस करतो

गावरा घाण करायचा तेव्हा तो यास्नाचा पोपट असायचा. छातीवर क्रूस करायला लागला त्या दिवसापासून तो सगळ्या घराण्याचा पोपट झाला.

लग्न होऊन यास्ना झ्रेन्यानिन गावातल्या ह्या घरात आली, तेव्हा माहेरून एवढा एकच जीव तिच्याबरोबर आला होता. वडील तिसा नदीवर मालाच्या बोटी हाकायचे. वडील गेले, बोट विकली गेली आणि मागे राहिला हा राखी पोपट, त्यांच्याच घोगऱ्या आवाजात 'दोर ओढ, हरामखोरा' म्हणणारा. आवाज इतका हुबेहूब, की यास्ना हातातलं काम टाकून ऐकत राही. सासूबाईंना, म्हणजे विदोसावाबाईंना, त्याचं काही कौतुक नव्हतं. "तुझ्या पोपटाला आवर," त्या म्हणत, आणि पिंजरा मागच्या ओसरीत लोणच्याच्या बरण्यांशेजारी पडून असे.

एकदा बाईंना साफसफाईचा झटका आला. पिंजऱ्यात तुतीच्या वाकड्यातिकड्या फांद्या होत्या, यास्नाच्या वडिलांनी स्वतः कापून बसवलेल्या. त्या फांद्या बाईंनी चुलीत घातल्या आणि त्या जागी पडद्याचा जुना दांडा बसवला, गोल, गुळगुळीत, चकचकीत. "आता कसं माणसांच्या घरातलं दिसतं," त्या म्हणाल्या. पोपटाला कुणी विचारलं नाही आणि सुनेलाही नाही.

उन्हाळा सरत आला होता. एका रविवारी बाई संताच्या तसबिरीपुढे दिवा लावत होत्या, ओसरीचं दार उघडं होतं. सहज नजर गेली तर गावराने उजवा पाय उचलून छातीशी धरलेला. खाली टेकवला, पुन्हा उचलला, पुन्हा छातीशी.

"मोमिर, इकडे ये," बाईंनी मुलाला हाक मारली. "पक्षी क्रूस करतोय."

मोमिर, यास्नाचा नवरा, साखर कारखान्यात कामाला होता. आईच्या शब्दाबाहेर जायचं धाडस त्याने शाळेत असताना एकदा केलं होतं आणि ते त्याला अजून पुरत होतं. त्याने चष्मा पुसला, पाहिलं आणि म्हणाला, "करतोय खरा."

झालं. पिंजरा ओसरीतून उठला तो थेट बैठकीत, तसबिरीखाली. शेजारपाजार केक घेऊन दर्शनाला येऊ लागला. प्रत्येक पाय उचलण्यागणिक गावराला सूर्यफुलाच्या बिया आणि अक्रोडाच्या केकचा तुकडा मिळे, त्यामुळे भक्तीबरोबर पोटही वाढत गेलं. फादर वासिलियेंनी तर चर्चमध्ये भर प्रवचनात सुनावलं, की मुक्या पाखराला देव कळतो आणि तुम्ही ईस्टर ते ईस्टर तोंड दाखवता. पोपट मुका नव्हता, पण एवढ्या तेवढ्यासाठी प्रवचन कोण अडवतं? त्या दिवसापासून विदोसावाबाई चर्चमध्ये सगळ्यांच्या पुढे उभ्या राहू लागल्या.

यास्नाला मात्र भलतंच दिसत होतं. गावरा पूर्वी अक्रोड पायात धरून ऐटीत फोडायचा, आता वाटीत चोच घालून खायचा. दांड्यावर या पायावरून त्या पायावर करायचा. आणि एकदा तो पिंजऱ्याच्या तारा धरून चढला तेव्हा तिला त्याचा तळवा दिसला. पोपटाचा तळवा कसा बारीक दाणेदार असतो. हा झिजून तुळतुळीत झाला होता, आणि मधोमध लालसर.

"आई, त्याचा पाय दुखतोय. डॉक्टरकडे नेऊ या."

"प्रार्थना करतो म्हणून डॉक्टरकडे?" विदोसावाबाई म्हणाल्या. "मग फादरनाही ने."

"तो दांडा त्याला टोचतोय. सारखं एकाच जागी वजन पडतं."

"तुझ्या बापाच्या लाकडात किडे होते, ते चालत होतं. माझा दांडा टोचतो." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "मोमिर, सांग हिला."

"आई म्हणते ते ऐक ना," मोमिर वर्तमानपत्रामागून म्हणाला.

पायाला काही झालं तर पोपट जिवानिशी जातो हे यास्नाला ठाऊक होतं. हा गेला तर वडिलांचा आवाजही जाणार होता. तिला रागाने रडू आलं, पण ह्या घरात रडण्याचा अर्थही सासूबाईच लावत, म्हणून तिने ते आवरलं.

शरद ऋतूत एक अघटित घडलं. गावरा डाव्या पायाने क्रूस करायला लागला.

पलीकडच्या रोझालियाकाकू, हंगेरियन आणि कॅथलिक, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या, बातमी कळताच कॉफीच्या निमित्ताने हजर झाल्या. "काय ग विदोसावा, आमच्यातसुद्धा उजव्याच हाताने करतात. हा नेमका कुठल्या धर्मात गेला?"

"दृष्ट लागली त्याला," बाई दात ओठ खात म्हणाल्या. "येणाऱ्याजाणाऱ्यांची." आणि त्यांनी पोपटाच्या डाव्या पायाला लाल दोरा करकचून बांधला. त्या बाजारात गेल्यावर यास्नाने तो कापून टाकला. डॉक्टरचं मात्र काही जमेना. घराण्याच्या संताचा दिवस, स्लावा, तोंडावर आला होता. फादर स्वतः येणार होते. "तेवढं होऊ दे, मग बघू," असा निकाल लागला.

स्लावाला आमंत्रण लागत नाही, त्यामुळे अख्खी गल्ली आली. उकडलेल्या गव्हाचा प्रसाद झाला, राकियाची दारू झाली, फादरनी पवित्र पाव कापला. मग विदोसावाबाईंनी गावराला पिंजऱ्यातून काढून बैठकीतल्या काचेच्या टेबलावर आणायला सांगितलं. टेबलावर त्यांनी विणलेला क्रोशाचा रुमाल होता.

"आई, तो घाण करील," यास्ना म्हणाली. एवढ्या एका गोष्टीवर सासू-सुनेचं कायम एकमत असे. रुमाल निघाला.

गावरा उघड्या काचेवर उभा राहिला. यास्नाने हातातला चमचा टेबलाखाली पडू दिला आणि त्याच्या मागोमाग स्वतः पाठीवर आडवी होऊन आत शिरली.

वर काच, काचेवर दोन तळवे. दोन्हींच्या मधोमध काळी खपली आणि भोवती लालभडक सूज.

"यास्ना," विदोसावाबाई हसऱ्या चेहऱ्याने, दातांतल्या दातांत म्हणाल्या, "लोक बघतायत. ऊठ."

"नाही उठत," टेबलाखालून आवाज आला. "ज्याला पोपटाची भक्ती बघायचीय त्याने खाली यावं. ती तळव्याला आहे."

आधी रोझालियाकाकू वाकल्या, कारण असल्या ठिकाणी न वाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "अग बाई," त्या म्हणाल्या, "हे तर जखमच आहे की." मग एकेक करत पाहुणे खाली बसले. फादर वासिलिये तेवढे उभे राहिले. त्यांचं प्रवचन त्या पायांवर उभं होतं. पण सगळी मंडळी जमिनीवर आणि आपण एकटेच वर, हे फार वेळ बरं दिसत नाही. शेवटी झगा सावरत, कण्हत तेही गुडघ्यावर आले आणि त्यांनी टेबलाखाली मान घातली. त्या तसबिरीपुढे इतकी माणसं एकदम गुडघ्यावर कधी आली नव्हती.

गावराने खालून वर बघणारी दाढी पाहिली. "दोर ओढ, हरामखोरा," तो म्हणाला, आणि त्याने डावा पाय उचलला.

फादरनी दोन्ही तळवे नीट पाहिले. "विदोसावा," ते म्हणाले, "हा प्रार्थना करत नाही. ह्याचे पाय दुखतायत." मग त्यांना आपलं प्रवचन आठवलं असावं. "अर्थात, दुखण्यात देव आठवतोच."

"मग धरा माझा हात," रोझालियाकाकू म्हणाल्या. "मलाही आता उठताना आठवणारच आहे."

दुसऱ्या दिवशी मोमिरने, आईला न विचारता, गाडी काढली. डॉक्टरीणबाईंनी तळवे बघितले, खपली साफ केली, पट्ट्या बांधल्या. अजून थोडे दिवस गेले असते तर हाडापर्यंत पोचलं असतं, म्हणाल्या. वजन उतरावं म्हणून बिया आणि केक बंद झाले. पडद्याचा दांडा गेला आणि यास्नाने तुतीच्या फांद्या आणून बसवल्या, काही जाड, काही बारीक, सगळ्या वाकड्या. आठवड्यातून एकदा ती गावराला काचेवर उभा करून खालून तळवे बघू लागली. हिवाळा संपेपर्यंत ते पुन्हा दाणेदार झाले. क्रूस बंद पडला.

दर्शनाला कुणी येईना. विदोसावाबाई चर्चमध्ये पुन्हा मागे, खांबाआड उभ्या राहू लागल्या. कुणी पोपटाची चौकशी केली की म्हणत, "मला काय विचारता? सुनेचा आहे तो." आणि एके सकाळी दिवा लावताना त्या मागे न बघता बोलल्या, "ने तो तुझा पोपट तुझ्या खोलीत. बैठकीत घाण नको."

बोलणं टोमण्याचं होतं, पण यास्नाला त्यातला 'तुझा' तेवढा ऐकू आला. तिने पिंजरा उचलला. गावराच्या उजव्या पायात अक्रोड होता, डाव्या पायावर तो झोकात उभा होता. तसबिरीसमोरून जाताना त्याने अक्रोड फोडला आणि तिच्या वडिलांच्या आवाजात, घरभर ऐकू जाईल असं, ठणकावून सांगितलं, "दोर ओढ, हरामखोरा."

विदोसावाबाईंनी पटकन क्रूस केला. उजव्या हाताने, नीट.