कानाला हात

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी कीर्तनात महाराजांनी सांगितलं, की भगवंताचा पहिला अवतार माशाचा. राम-कृष्ण मागाहून आले, आधी मासा! ते ऐकलं आणि पुणतांब्याच्या बनुबाईंचा जीव माशात अडकला. त्या माळकरी. आजवर मासा पाहिला तो बाजारात, पाटीतला, तोही नाकाला पदर लावून. त्याला काय दर्शन म्हणायचं? गोदामाईत मासे होते, पण पाणी गढूळ. दिसली तर शेपटी दिसायची.

पण देव भावाचा भुकेला. त्यांच्या मुलाच्या, सुनीलच्या, खतं-बियाण्यांच्या दुकानाला कंपनीकडून लक्षद्वीपची दोन तिकिटं मिळाली. सूनबाईला सातवा महिना, तेव्हा सुनीलनं आईवडलांना धाडलं.

असं ते बेट! घर नाही, दुकान नाही. माड, पांढरी वाळू आणि तळ दिसेल असं पाणी. पाण्याखाली न्यायला निकिता नावाची पोरगी होती, मालवणची. तिनं बनुबाईंना काळा रबरी पोशाख, पाण्यातला चष्मा आणि पाठीला हवेची टाकी चढवली. नावेत बसलेले त्यांचे यजमान सहादेवराव म्हणाले, "ट्रॅक्टरची ट्यूब दिसतीस."

"दिसू द्या. तुमी बसा लुगडं राखत."

सहादेवराव पर्वणीलासुद्धा घाटावर बसून तांब्यानं अंघोळ करणारे. त्यांनी लुगडं मांडीवर घेतलं.

निकितानं खुणा शिकवल्या. "काकू, खाली बोलता येत नाही. सगळं ठीक असलं तर बोटांचा गोल करायचा. कान दुखला तर कानाला हात लावायचा, म्हणजे मी लगेच वर आणीन."

बनुबाईंनी सगळं हरिपाठासारखं पाठ म्हणून दाखवलं.

खाली गेल्या आणि हरखल्याच. आणि तेवढ्यात खडकाआडून तो आला. हिरवानिळा, म्हशीच्या पारडाएवढा, कपाळावर हे एवढं टेंगूळ! बनुबाईंचे दोन्ही हात आपसूक कानांना लागले.

निकितानं त्यांना धरलं आणि हळूहळू वर आणलं.

"फार दुखतोय का कान?"

"कान कशाला दुखंल? देव दिसला की गं!"

"मग कानाला हात का लावला?"

"आता देव दिसल्यावर कानाला न्हाई लावायचा, तर कुठं लावायचा?"

निकितानं कपाळाला हात लावला. पुन्हा खाली गेल्या. या खेपेला बनुबाईंनी मुठी आवळल्या होत्या. पण मासा दिसला, मुठी सुटल्या, हात कानाला! आणि बनुबाई पुन्हा वर. जन्मभराची सवय ती, हातांना कोण सांगणार?

"काकू, आता एकदाच जाता येईल," निकिता म्हणाली. "सारखं वर-खाली करणं बरं नाही. आणि उद्या तुमची परतीची बोट."

बनुबाईंचे डोळे भरले. दोनदा दारात जाऊन देवाचं तोंड काही धड पाहिलं नव्हतं. "माजे हात बांध पोरी."

"हात बांधून समुद्रात सोडलं तर मला तुरुंगात टाकतील!"

तेव्हा नावेतून खाकरण्याचा आवाज आला. "म्या धरतो तिचं हात," सहादेवराव म्हणाले.

"तुमी? अवं, तुमी गुडघ्याच्या वर पान्यात जात न्हाई!"

"गप. मला ट्यूब आना."

अर्धा तास त्यांना उथळ पाण्यात नळीनं श्वास घ्यायला शिकवलं. मग नावेतला दुसरा शिक्षक त्यांच्या पाठीशी, निकिता बनुबाईंच्या पाठीशी, असे चौघे उतरले. सहादेवरावांनी बनुबाईंचे हात, बैलाचा कासरा धरावा तसे धरले होते.

मासा आला. बनुबाईंच्या हातांना हिसका बसला. पकड आणखी आवळली. मासा वावभर अंतरावर थांबला. त्याचा डोळा गरकन फिरला आणि बनुबाईंवर ठरला. किती वेळ, कोण जाणे. बनुबाईंनी नुसती मान लववली. चष्म्याच्या आत पाणी आलं, ते समुद्राचं नव्हतं. मग मासा सावकाश वळला आणि निळ्यात विरून गेला.

नावेत येताच त्या म्हणाल्या, "बगितलंत? कसं रूप हुतं!"

सहादेवराव धापा टाकत होते. "म्या डोळं उघडलंच न्हाईत."

"अवं! येवढं खाली जाऊन?"

"दोन कामं हुती. श्वास घ्यायचा आन तुझं हात सोडायचं न्हाईत. तिसरं झेपलं न्हाई."

निकिता तोंड फिरवून हसली. बनुबाई मात्र हसल्या नाहीत. नवऱ्याच्या शेजारी सरकून बसल्या आणि सांगू लागल्या: रंग कसा, टेंगूळ कसं, कल्ले कसे हलत होते. महाराज काय सांगतील असं सांगितलं. सहादेवराव "व्हय, व्हय" करत ऐकत होते. किनारा जवळ आला तसं त्यांनी हळूच विचारलं, "माज्याकडं बगितलं का गं त्येनं?"

बनुबाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"बगितलं की," त्या म्हणाल्या. "माज्यापरास लई येळ तुमच्याकडंच बगत हुता."