चांगल्या दातांची बाई

प्राउझ साहेबांनी मला निवडलं ते माझ्या कामावर खूश होऊन नव्हे. आमच्या गिरणीचे हे मॅनेजर माग खात्यात आले आणि एकेकीला म्हणाले, "हस बघू." बाजारात घोडी घेताना बघतात ना, अगदी तसं. चाळिशी उलटलेल्या बाईच्या तोंडात पुढचे सगळे दात शाबूत, असा नग माझ्याशिवाय दुसरा सापडला नाही. झालं, मला पहिल्या रांगेतल्या मागांवर आणून उभं केलं.

आमच्याकडे दात टिकत नाहीत. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि सुताचं टोक सुर्रकन ओढून बाहेर काढायचं. दिवसाकाठी शेकडो वेळा. सुताबरोबर तेल, कापसाची धूळ आणि आधीच्या बाईची थुंकी, सगळं आत जातं. बाया मरतात, जातात, धोटे तेच राहतात.

हे बोस्टनच्या थोर बायांना कळलं. आमच्या थुंकीची त्यांना म्हणे फार किळस आली. मग सभा झाल्या, भाषणं झाली, फिती कापल्या आणि एकदाचा कायदा झाला, की तोंडाने ओढायचे धोटे बंद. आमच्या गिरणीने कायदा अगदी मनापासून पाळला. पहिल्या रांगेतल्या आठ मागांना नवे धोटे आणले. त्यांना बाजूला खाच असते, बोटाने सूत सरकवलं की झालं. मागच्या तेवीस रांगांना जुनेच. पाहुणे काय पहिल्या रांगेपुढे जाणार आहेत थोडेच!

माझी बहीण झेलिया शेवटच्या रांगेत होती. एकोणीस वर्षांची पोर. आई गेल्यावर क्वेबेकहून मीच तिला इकडे मॅसॅच्युसेट्सला आणलं, हे माझं शहाणपण. तिचे माग आधी फिलोमेन चालवायची. फिलोमेन ईस्टरपर्यंत खोकत खोकत माग चालवत राहिली आणि नंतर मेली. त्याच आठवड्यात माग झेलियाला दिले, धोट्यांसकट. मी खात्याच्या मुकादमाच्या, जॉबरच्या मागे लागले, की मेलेल्या बाईचे धोटे तरी बदला.

"अगं, पुसून दिलेत की," तो म्हणाला.

पुसून! आणि आता आमची झेलियाही सकाळी उठली की खोकायची. थंडी आहे, म्हणायची. जून महिन्यात.

म्हणून मी घोडीसारखे दात दाखवले आणि गप्प राहिले. सरकारी इन्स्पेक्टर येणार होता, बरोबर बोस्टनच्या बायांची कमिटी. म्हटलं, एकदा येऊ दे माझ्या मागापाशी, हाताला धरून त्याला शेवटच्या रांगेत नेते. झेलियाला सांगून ठेवलं, "तुझे धोटे लपवू नकोस. त्याच्या नाकाखाली धर."

"साहेब तुला काढून टाकतील, डेल्विना."

"टाकू देत. दुसऱ्या गिरण्या काय जळाल्यात?"

पंधरा दिवस मी नव्या धोट्याची सवय करत होते. बोट, खाच, बोट, खाच.

मंडळी आली. ऐकू यावं म्हणून पुढचे माग बंद केले होते. इन्स्पेक्टर बिचारा घामाने डबडबलेला. कमिटीच्या प्रमुख मिसेस ऑल्ड्रिच, टोपीवर अख्खा पक्षी बसवलेला, नाकाला रुमाल.

"ही आमची डेल्विना," साहेब अशा प्रेमाने म्हणाले, जणू मी त्यांची पुतणीच. "दाखव गं नवा धोटा कसा चालतो ते."

मी कांडी घातली. सुताचं टोक बोटात धरलं. इन्स्पेक्टर वाकून बघत होता आणि माझं लक्ष त्याच्या खांद्यावरून मागे, शेवटच्या रांगेकडे. आता म्हणायचं, आता. शब्द जुळवत होते, इंग्रजी ना ते, आणि हाताने वीस वर्षांचं आपलं काम केलं. धोटा वर आला, ओठांना लागला आणि मी ओढला. सुर्र!

इन्स्पेक्टर सरळ उभा राहिला.

"अरेरे," मिसेस ऑल्ड्रिच म्हणाल्या. "नवा धोटा हातात असून!"

"तेच तर सांगतोय," साहेब हळहळले. काय हळहळले हो, नाटकात घ्यावेत असे! "आम्ही द्यायला तयार आहोत. पण यांची खोड!"

"साहेब, मागे चला," मी इन्स्पेक्टरची बाहीच धरली. "मागे सगळे जुनेच आहेत. माझी बहीण मेलेल्या बाईचा धोटा ओढतेय. या, बघा तरी!"

त्याने एकदा मागे बघितलं, तेवीस रांगा आणि ती धूळ. मग मिसेस ऑल्ड्रिचकडे बघितलं.

"बाई, नवा दिला तरी तुम्ही तोच प्रकार करता," त्या हळुवार आवाजात म्हणाल्या. "आधी यांना शिकवायला हवं. मग धोटे."

इन्स्पेक्टरने लिहून घेतलं आणि मंडळी जेवायला गेली. पुढच्या आठवड्यात आम्हाला शिकवणं आलं, स्वच्छतेवरचं छापील पत्रक, इंग्रजीत. आमच्या खात्यात ते तिघींना वाचता येत होतं.

साहेबांनी मात्र पाहणीच्या दिवशीच दुपारी मला कचेरीत बोलावलं. वाटलं, काढणार. पण गडी खुशीत होता. शंभर माणसं लावूनही जे जमलं नसतं ते मी एका श्वासात करून दिलं होतं ना!

"तुला काय हवं ते सांग, डेल्विना. मी माणसं विसरत नाही."

मेल्या, तुझ्या तोंडाला आग लागो, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

"झेलियाला पहिल्या रांगेत द्या. माझ्या मागांवर. तिचे दात माझ्याहून चांगले आहेत, पुढच्या वेळी शोभेल. मी तिच्या मागांवर जाते."

"एवढंच? मला वाटलं, काही मागशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिलोमेनच्या मागांवर उभी राहिले. पहिली कांडी संपली. धोटा उचलला, ओढला. फिलोमेन ओढायची त्या तपकिरीचा वास त्याला अजून होता. मान वर केली तर झेलिया आपले माग तसेच टाकून, रांगारांगांतून धावत आलेली. खडखडाटात आवाज कुठला, पण तिचे ओठ मला लख्ख वाचता येत होते.

"दे इकडे! मरशील ना!"

"मरेन तेव्हा मरेन," मी म्हणाले. "तू जा. तुझा माग बंद पडलाय."