आधी डोळे, मग पूजा

सिंधूच्या डोळ्यांना पाचवीपासून चष्मा होता. नंबर वाढत वाढत उणे सातवर गेला होता आणि काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड झाल्या होत्या. उदगीरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा खरी पंचाईत झाली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा तर चष्मा मध्ये येई आणि चष्मा काढला तर बाजूच्या वहीत आकृती काढायला काही दिसत नसे. चष्मा घाल, चष्मा काढ, यातच प्रॅक्टिकलचा अर्धा तास जायचा.

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली आणि मे महिन्यात एक दिवस अप्पा दुकानातून जेवायला आले ते एकदम म्हणाले, "नांदेडला एक डॉक्टर हाय. डोळ्याच्या आत बसवायची काच देतो म्हणं. जाऊ आपण."

"कशाला अप्पा?"

"कशाला म्हंजे? औरंगाबादला एम.एस्सी.ला जायचं न्हाई का? तिथं काय दिवसभर चष्मा काढ-घाल करत बसणार? अर्जाचं मी बघतो. तू डोळ्याचं बघ."

सिंधूला खरंच वाटेना. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून अप्पा घरात दोन-चार शब्दांच्या पुढे बोलत नसत. गुरुबसप्पा किराणावाले म्हणून त्यांना सगळा चौक ओळखायचा तो त्यांच्या खरेपणासाठी. डाळीला जरा वास आला तरी गिऱ्हाइकाला आधी सांगायचे, "ही नेऊ नका, उद्या नवा माल येतोय." आई यावरून कपाळावर हात मारून घ्यायची. तर असे अप्पा म्हणाले एम.एस्सी., म्हणजे एम.एस्सी.च. सिंधूने पुन्हा विचारलंही नाही.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या रंगल्या होत्या, साहेब आले होते, पण लेन्स देणारा डॉक्टर काही अजून आला नव्हता. म्हणून पहाटेच्या एस.टी.ने नांदेड. त्या डॉक्टरांनी सिंधूचे डोळे तपासले, माप घेतलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी बोटाच्या टोकावर लेन्स ठेवून दाखवली. कांद्याचा आतला पातळ पापुद्रा असतो ना, तशी. डॉक्टरांनी स्वतः घालून दिली तेव्हा सिंधूला खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाचं पान न् पान दिसलं. ती नुसती बघत राहिली.

"सवय व्हायला महिना जाईल," डॉक्टर म्हणाले. मग अप्पांकडे बघून हसले, "लग्नापर्यंत होईल सराव."

सिंधूही हसली. तिला वाटलं, डॉक्टर चेष्टा करतात.

घरी आल्यावर सराव सुरू झाला. खालची पापणी मधल्या बोटाने खाली ओढायची, वरची दुसऱ्या हाताने धरून ठेवायची, लेन्स तर्जनीच्या टोकावर घ्यायची आणि डोळा उघडा ठेवून बोट जवळ न्यायचं. सांगायला सोपं. बोट जवळ आलं की डोळा आपोआप मिटायचा. लेन्स कधी पापणीला चिकटायची, कधी गालावर, कधी खाली पडायची. पडली की बापलेक दोघंही फरशीवर गुडघ्यावर. सिंधूला तर चष्म्याशिवाय काहीच दिसायचं नाही. अप्पाच ओल्या बोटाने फरशी चाचपत जायचे.

"हलू नको. हलू नको म्हणलं ना! पायाखाली जाईल."

"मी हललेच नाही, अप्पा. तुमचंच धोतर फरशी झाडून राहिलंय."

त्या वेळी अप्पा हसायचे. आई गेल्यापासून ते असे हसलेले सिंधूने पाहिले नव्हते.

पाण्याची तर बोंबच होती. नळाला आठ दिवसांनी एकदा पाणी, बाकी दिवस टँकर, आणि टँकरचं पाणी गढूळ. अप्पा रोज त्यातलं तांब्याभर पाणी फडक्यातून दोनदा गाळून, उकळून, झाकून ठेवायचे. ते फक्त सिंधूच्या हात धुण्याचं. आत्याने एकदा त्यातलं पाणी चहाला घेतलं तर अप्पा तिच्यावर ओरडले. पार्वतम्मा आत्या ही अप्पांची थोरली बहीण. आई गेल्यापासून ती घर सांभाळायला येऊन राहिली होती. अप्पांना ती आणि बाकीचे नातेवाईक अण्णा म्हणायचे, आणि अप्पा तिला अक्का.

"इथं प्यायला पाणी न्हाई अन् हिच्या बोटांना उकळलेलं," आत्या पुटपुटली. पण पुढे काही बोलली नाही, हे नवलच.

एवढं करूनही पहिल्या आठवड्यात डोळे लाल व्हायचे. लेन्स बसायची, पण बसल्याबरोबर अशी आग व्हायची की जणू कुणी मिरची लावली. दोनदा तर सिंधू रडत लेन्स काढून उशीत तोंड घालून पडली. पुन्हा नांदेडला गेले. डॉक्टरांनी हात पाहिले, नखं पाहिली.

"सकाळी हाताला काय लावता? पावडर?"

"पावडर न्हाई लावत आम्ही," अप्पा म्हणाले. डॉक्टर त्यांच्या कपाळाकडे बघत राहिले. तीन आडवी पांढरी बोटं. सिंधूच्या कपाळावरही तशीच, पुसट. अप्पांनाच मग उमगलं. रोज अंघोळ झाली की सिंधू इष्टलिंगाची पूजा करायची, विभूती भिजवून तीन बोटांनी कपाळाला लावायची, आणि त्याच बोटांनी लेन्स. हात धुतले तरी नखाच्या कडेला भस्म राहायचंच.

घरी येताना एस.टी.त अप्पा आपल्याच बोटांकडे बघत बसले होते. कंधार मागे पडल्यावर म्हणाले, "उद्यापासून आधी डोळे, मग पूजा."

"अप्पा, पूजेच्या आधी?"

"लिंग हातावर घेऊन बघायचं असतं. नीट दिसलं तर बरंच की."

लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब न घेणारा माणूस. त्याने हे म्हणावं! सिंधू खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर काळी रानं भेगाळून पडली होती, पण तिला त्या दिवशी सगळं चांगलंच दिसत होतं.

आग थांबली. तिसऱ्या आठवड्यात सिंधू आरशाशिवाय लेन्स घालू लागली. जूनचा दुसरा शनिवार आला. औरंगाबादच्या अर्जाची ती शेवटची तारीख. सकाळी तिने विचारलं, "अप्पा, अर्ज गेला ना?"

"हाव," अप्पा म्हणाले आणि दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आत्याने सकाळीच आईची मोरपंखी इरकल बाहेर काढली.

"ही नेस. धर्माबादहून पाव्हणे येणार हायत. तुझ्या आईकडच्या लांबच्या नात्यातले."

"नात्यातल्या पाव्हण्यांना इरकल कशाला?"

"आता कशाला कशाला करून राहिलीस? पोरगं कालव्याच्या खात्यात इंजिनेर हाय. पंचाक्षरी नाव. अन् काच घालून बस डोळ्यात. चष्मा दिसू देऊ नको, अण्णानं सांगितलंय."

सिंधूच्या हातात साडी तशीच राहिली. "कुणी सांगितलंय?"

"अण्णानं. मग काय मी सांगीन? एवढा नांदेडचा खटाटोप काय झाडपाला बघायला केला त्यानं? मीच म्हणलं होतं, पोरीला आधी सांगू नको, हट्ट करंल."

म्हणजे आत्याला माहीत होतं. डॉक्टरलाही माहीत होतं. तो चेष्टा करत नव्हता.

सिंधूने साडी नेसली. लेन्सही घातली.  तिने मनाशी एकच धरलं होतं. विषय निघाला की अप्पा खरं सांगतील. आत्याने काहीही ठरवलेलं असो, अप्पा कुणाच्या तोंडावर खोटं बोलणार नाहीत.

पाव्हणे दोघंच आले. पंचाक्षरी आणि त्याची आई, सरजाबाई. सरजाबाई धिप्पाड, मोठ्या आवाजाची बाई. आल्या आल्या तिने तक्रार केली की धर्माबादलाही टँकर सुरू झालेत आणि मुलगा कालव्याच्या खात्यात असून घरात घागरभर पाणी नाही. "कालवे बांधतो म्हणं. त्यात घालायला पाणी कुठंय, ते साहेबाला इचार!" पंचाक्षरी खाली मान घालून हसला.

सिंधू पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि बसली. सरजाबाईने तिला खालीवर पाहिलं.

"रंग चांगलाय. शिकलेली पण हाय. एवढ्या शिकलेल्या पोरींना चष्मा असतो बाई. हिला न्हाई?"

सिंधूने अप्पांकडे पाहिलं. इतकं स्पष्ट तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गालावर राहिलेला दाढीचा पांढरा खुंट, गळ्यातल्या लिंगाची चांदी, ओठ.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "डोळे आईवर गेलेत हिचे. एकदम साफ."

आईवर. आईला गल्लीच्या पलीकडचं माणूस ओळखू यायचं नाही. तांदूळ निवडताना ती सूप नाकाला लावायची. उभ्या जन्मात तिला कुणी चष्मा केला नाही आणि हे अप्पांना सिंधूपेक्षा जास्त माहीत होतं.

"ये गं, जवळ ये," सरजाबाई म्हणाली. तिने कमरेच्या पिशवीतून विभूतीची डबी काढली. आपल्यातल्याच लोकांची रीत, लेकीबाळीला आशीर्वाद देताना लावायचीच. पण बाईने ती भिजवली नाही. कोरडीच चिमूट घेतली आणि सिंधूच्या कपाळावर जोरात बोटं ओढली. भस्म भुरभुरत खाली आलं, पापण्यांवर, डोळ्यांत.

आग पेटली. सिंधूने डोळे मिटले तरी पाणी थांबेना.

"अगं बाई! रडती का काय?"

"आईची आठवण आली असंल," अप्पा घाईने म्हणाले. "आत जा, सिंधू. डोळे पूस."

हे तिसरं खोटं. तिला काय होतंय ते त्या घरात अप्पांइतकं कुणालाच कळत नव्हतं. गाळलेल्या पाण्याचा तांब्या रोज तेच भरायचे.

आत जाऊन तिने हात धुतले, दोन्ही लेन्स काढल्या, डबीत ठेवल्या. आत्या मागोमाग आली. "धू अन् परत घाल. लवकर."

"लाल डोळ्यात जात नसते, आत्या."

"मग तशीच ये. बसायचंय नुसतं."

सिंधूने खुंटीवरच्या पिशवीतून चष्मा काढला आणि डोळ्यांना लावला. आत्या दारात आडवी आली. सिंधूने तिचा हात हळूच बाजूला केला आणि चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

 सरजाबाईने आधी चष्म्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे.

"हे काय ओ, अण्णा?"

सिंधू ट्रे धरून उभी राहिली. ती वाट बघत होती. अजूनही. अप्पांनी नुसतं 'हाव, हाय चष्मा, चुकलो' एवढं म्हटलं असतं तर तिने सगळं तिथंच सोडून दिलं असतं.

"ते... परवाच लागलाय," अप्पा म्हणाले. "परीक्षेच्या अभ्यासानं. बारीक नंबर हाय. वाचायपुरता."

सिंधूने ट्रे खाली ठेवला.

"पाचवीपासून आहे," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांना उणे सात. हा काढला तर तुमचा चेहरा मला दिसणार नाही. आणि आईचे डोळे साफ नव्हते. तिलाही दिसत नव्हतं."

"मग मघाशी कसं काय?" पंचाक्षरीने विचारलं. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला.

"लेन्स होती डोळ्यात. तुमच्या आईची विभूती गेली म्हणून काढावी लागली."

"डोळ्याच्या आत?" सरजाबाईचा हात तोंडावर गेला. "अन् दुखत न्हाई?"

"सवय होते."

"मोठी हिंमत हाय बाई तुझी. माझ्या थोरल्या सुनेला बी चष्मा हाय, लग्नाच्या आधीपासून." मग ती अप्पांकडे वळली. आवाज मोठा नव्हता, त्यामुळेच जास्त लागला. "एवढ्यासाठी अण्णा? सांगायचं की सरळ."

अप्पांनी मान खाली घातली. पाव्हण्यांनी चहा घेतला. निघताना सरजाबाईने सिंधूच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कळवतो आम्ही." ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत अप्पा दारात उभे होते. वळून आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चक्क तरतरी आली होती.

"अक्का, ऐकलंस का? थोरल्या सुनेला बी चष्मा हाय म्हणली. वाईट न्हाई वाटलं तिला. जमंल हे." मग सिंधूकडे बघून, "बरं केलंस पोरी, सांगून टाकलंस ते."

सिंधू इरकलीचा पदर सोडून बसली होती. "अर्ज टाकला होता का, अप्पा?"

"कुठला?"

"औरंगाबादचा."

अप्पा खाटेच्या कडेवर टेकले. खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, पुन्हा खिशात ठेवला. "फारम आणलाच न्हाई मी," शेवटी ते म्हणाले. "लग्नानंतर तुझा नवरा बघंल म्हणलं."

"काल तुम्ही हाव म्हणालात."

"म्हणलं खरं."

"मला नुसतं सांगितलं असतं, की सिंधू, पाव्हणे दाखवायचेत, त्यासाठी लेन्स घाल, तर मी घातली असती. भांडले असते, पण घातली असती."

"तसं न्हाई पोरी." अप्पा म्हणाले. "तुझ्या आईनं जाताना माझा हात धरला होता. पोरीला चांगल्या घरी द्या म्हणली. दुसरं काही मागितलं न्हाई तिनं जन्मात. मला एकट्याला काय सुचतंय? अक्का म्हणली तसं केलं."

"आईनं माझाही हात धरला होता," सिंधू म्हणाली. "तुम्ही औषध आणायला गेला होता तेव्हा."

अप्पांनी मान वर केली. दोन वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. बायकोचं बोलणं, जे त्यांच्या कानावर आलेलंच नाही, असं काही अजून शिल्लक असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते खाटेवरून उठले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय म्हणली ती?"

सिंधूने चष्मा काढला, पदराने काचा पुसल्या, पुन्हा घातला.

"सांग की गं. काय म्हणली?"

सिंधू उठली आणि बशा गोळा करू लागली. अप्पा तिच्या मागे मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले, आणखी एकदा विचारलं, मग आणखी एकदा. तिने सांगितलं नाही.