बंद न करायची गाडी

काटेवाडीच्या आप्पासाहेबांनी बारा वर्षं जुनी पांढरी एसयूव्ही घेतली ती शेतावर जायला नव्हे, मुलगी बघायला जाण्यासाठी. त्यांचा ऋषिराज चौतिशीत गेला होता. ऊस होता, गाई होत्या, पोराला सुपारीचंही व्यसन नव्हतं. पण नोकरी नाही म्हटल्यावर मुलीकडचे फोनवरच ‘कळवतो’ म्हणायचे. लग्नं जमवायच्या माझ्या धंद्यात ‘कळवतो’ मी सरळ नकारात जमा धरतो.

डाळजच्या श्रेयाचं घर हे ‘या’ म्हणणारं पहिलंच. वडील नाहीत, शेती आई बघते, मुलगी भिगवणला एका पतसंस्थेत कामाला. हे स्थळ गेलं तर दुसरं माझ्याकडे नव्हतं, आणि हे मी आप्पासाहेबांना स्पष्ट सांगितलं होतं.

आदल्या आठवड्यात बारामतीच्या मिस्त्रीनं गाडी बघितली. सेल्फ गेलाय, म्हणाला. चावी फिरवून इंजिन उठणार नाही, ढकलूनच चालू करावं लागेल. शिवाय आधीच्या मालकानं रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी ओतून ओतून आत चुन्यासारखा थर धरलाय. पळताना वारं लागतं म्हणून निभतं. जागेवर चालू ठेवली की तापणार. दोन्ही आत्ता केलं तर वीस हजारांत भागेल. तापून हेड गॅस्केट उडालं तर पन्नास-साठ धरा, आणि इंजिन खोलल्यावर आत काय निघेल ते त्यालाही सांगता येत नव्हतं. आप्पासाहेबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी सीटकव्हरं टाकून पॉलिश करून घेतलं. मुलीकडचे काय बॉनेट उघडून बघणार आहेत, हा त्यांचा हिशेब.

काटेवाडीत अडचण नव्हती. गाडी कालव्याच्या भरावावर तोंड खाली करून उभी असायची. ब्रेक सोडला की उतारानं चालू व्हायची. डाळजला जयवंताबाईंचं अंगण मात्र पाटावाणी सपाट. हे मी आधी सांगायला हवं होतं असं आप्पासाहेब नंतर म्हणाले. जमिनीची पातळी मोजून स्थळ सुचवायची पद्धत अजून तरी नाही.

वाटेतच ठरलं की गाडी बंदच करायची नाही. कारण विचारलं तर ऋषिराजच्या आत्याला, भामाबाईंना, उन्हाचा त्रास आहे, गाडी गार ठेवलीय असं सांगायचं. भामाबाई साठीत असून दिवसभर खुरपायला जाणारी बाई. त्यांनी विचारलं, त्रास म्हणजे नक्की काय करायचं? पदर तोंडावर धरून गप बसायचं, असं ठरलं. त्यांना तेवढंच जमणार नव्हतं.

गोष्ट खरी वाटावी म्हणून आप्पासाहेबांनी एसीही चालू ठेवायला लावला. ऋषिराज म्हणाला, एसीनं आणखी तापंल. वडिलांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. पोरगा गप झाला. चौतीस वर्षं तो असाच गप होत आला होता.

आम्ही बैठकीत बसलो. मला खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर गाडी घरघरत होती. पोहे आले. जयवंताबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत ऊस किती एकर, कुठला वाण, पाण्याची पाळी कधी, गाईंचं दूध कोण काढतं, हे विचारून घेतलं. बाई पक्की होती. प्रश्न ऋषिराजला विचारायची आणि उत्तर देताना आप्पासाहेबांचं तोंड बघायची.

“गाडी चालूच राहिली वाटतं,” त्या म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी ‘हिला ऊन सोसत न्हाय, गाडी गार ठेवलीय’ म्हणत भामाबाईंकडे हात केला. भामाबाईंनी पदर तोंडावर घेतला, पण दुसऱ्या हातात पोह्यांची दुसरी बशी होती.

“मग आत्याबाईंनी गाडीत बसावं का हितं?” जयवंताबाईंनी विचारलं.

“आता बरं हाय,” भामाबाई पदराआडून म्हणाल्या.

श्रेया चहा घेऊन आली. ऋषिराजनं तिच्याकडे बघितलं ते जेमतेम. त्याचा कान बाहेर होता. इंजिनाच्या आवाजात मघा नव्हती अशी खरखर शिरली होती. मला यातलं काही कळत नाही, पण त्याच्या मांडीवरचा हात मला दिसत होता. आवाज चढला की मूठ आवळायची. श्रेयानं त्याला विचारलं, लग्नानंतर मी नोकरी केली तर चालेल का? तो म्हणाला, “क्काय?”

आप्पासाहेबच मग बोलायला लागले. नोकरीला आमची हरकत न्हाय, घरची गाडी हाय, सोडायला-आणायला. गाडी एकदम कंडिशनमधी, कुठं बी न्या, पुण्याला न्या, सोलापूरला न्या. ते बोलत होते तसा बाहेरून गोडसर, करपट वास यायला लागला. मी खिडकीतून पाहिलं. बॉनेटच्या फटीतून वाफेची एक बारीक रेघ निघाली होती.

ऋषिराजलाही वास आला. तो अर्धवट उठला. आप्पासाहेबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून खाली दाबलं आणि हसत म्हणाले, “बस की. चहा गार होईल.”

आता घरात सगळ्यांना काहीतरी कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. बंद करावी तर पाहुण्यांच्या दारात ढकलायची वेळ; चालू ठेवावी तर इंजिन जाणार. आणि पोरगा बसून राहिला असता तर मी तुम्हाला सांगतो, जयवंताबाईंनी ‘कळवते’ म्हटलं असतं.

ऋषिराजनं वडिलांचा हात उचलून बाजूला ठेवला. बाहेर गेला, चावी काढली आणि परत आला. सारं अंगण एकदम शांत झालं.

“गाडीला सेल्फ न्हाय,” तो उभ्यानंच जयवंताबाईंना म्हणाला. “रेडिएटर बी गेल्याला हाय. आता ढकलल्याबिगर चालू व्हायची न्हाय. आन आत्याला काय सुदिक झालेलं न्हाय.”

भामाबाईंनी पदर खाली घेतला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

आप्पासाहेब लाल झाले. जयवंताबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. पोराला विचारलं, “ठाऊक होतं तर आणली कशाला?”

“मोटारसायकलीवर आलो असतो तर तुमी आत घेतलं असतं का, ते ठाऊक नव्हतं.”

आप्पासाहेब काहीतरी करून दाखवायचं म्हणून बाहेर धावले आणि बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला लागले. श्रेया दारातून म्हणाली, “काका, झाकण नका उघडू, तोंडावर उडंल. निवू द्या आधी.” मग ऋषिराजला म्हणाली, “प्यायच्या पाण्याचा जार हाय घरात. बोअरचं नको, आमचं बी खारंच हाय.”

गाडी निवायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ दोघं बॉनेटशी उभी होती. मी लांबून कान दिला. नोकरी, वीस हजार, गाई, पुन्हा नोकरी. तो मध्येच हसला. तो हसतो हे मला माहीत नव्हतं. घरात आप्पासाहेब जयवंताबाईंसमोर एकटे बसले होते आणि बाई त्यांना पाण्याच्या पाळीबद्दलच विचारत होत्या, पण आता प्रत्येक प्रश्न दोनदा.

ढकलायला आम्ही सगळे लागलो. मी, आप्पासाहेब, मघाशी आजारी असलेल्या भामाबाई, आणि पदर खोचून स्वतः जयवंताबाई. अंगण संपता संपता इंजिनानं धरलं. आता थांबायची सोय नव्हती, म्हणून ऋषिराज अंगणात गोल फिरत राहिला आणि आम्ही एकेक करून धावत चढलो. श्रेया त्याच्या खिडकीशेजारी चालत काहीतरी म्हणाली. तो मान डोलवून फाट्याकडे वळला.

हायवेला लागल्यावर आप्पासाहेबांनी विचारलं, “काय म्हणाली?”

“रविवारी या म्हणाली.”

“मग गाडी तवर—”

“एसटीनं जाणार हाय,” ऋषिराज म्हणाला. “मला एकट्यालाच बोलावलंय.”

आप्पासाहेबांनी एसीच्या बटणाकडे हात नेला. ऋषिराजनं तो न बघताच बाजूला केला आणि काचा खाली घेतल्या.