देवधानाची जागा

सानगडीजवळच्या त्या गावात तलाव राखणारं एक मंडळ होतं. काठानं माजणारी बेशरमीची झुडपं उपटायची, मासळीला लागणाऱ्या वनस्पती लावायच्या, एवढंच त्याचं काम. मंडळाची वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा मांडणी गावातल्या तरुण प्रतिक्षाकडे गेली आणि मजकूर कृष्णरावांकडे. कृष्णराव जवाहरनगरच्या वाचनालयातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं नोंदवली. स्वतः चार ओळी लिहिण्याचा धीर कधी झाला नव्हता.

म्हणून महिनाभर ते वही घेऊन पार्वताबाईच्या मागे फिरले. मासेमार ढिवरांच्या या म्हाताऱ्या बाईला तलावाचा कोपरान्‌कोपरा ठाऊक. ती बोलायची, हे उतरवायचे. तिचा एक शब्द गाळायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यामुळे वेबसाइटवर नकाशासकट हेही आलं, की दक्षिणेच्या कोपऱ्यात देवधानाच्या, म्हणजे पाण्यातल्या रानभाताच्या, दाटीत मरळ मासळी घर करते, आणि पिल्लं निघाली की नर-मादी तिथून हलत नाहीत.

त्या दिवसांत ढिवर त्या कोपऱ्याकडे जाळं नेत नाहीत, परक्यासमोर त्या जागेचं नावही काढत नाहीत. हे मात्र पार्वताबाईने सांगितलं नव्हतं. घरच्या माणसाला हे कोण सांगतं?

वेबसाइटवर ते पान चढल्यावर नवव्या दिवशी कुठली तरी चार माणसं मोबाइलात नकाशा पाहत आली, देवधान तुडवलं आणि मरळी भरून घेऊन गेली. पिल्लांचे लाल झुबके राखणीवाचून पाण्यावर फिरत राहिले. दुपारपर्यंत बगळ्यांनी ते वेचले.

मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष टेकचंद कृष्णरावांना म्हणाले, "एकट्या तुमची चूक नाही, आबाजी. आमीबी वाचलोच ना, वाहवा केलो."

"पान काढलं मी," प्रतिक्षा म्हणाली. "पण पाहणाऱ्यानं पाहून घेतलं."

पार्वताबाई बैठकीतून उठून घरी गेली. कृष्णरावांना तेच सोसवेना.

सकाळी ते वही घेऊन तिच्या दारी गेले. ती जाळं सांधत बसली होती.

"बाई, ही तुमची. माझ्याकडे नको."

"मले कायले? मले वाचता येते का?" तिने मान वर केली नाही. "तुमी शिकलेले लोक. ऐकता आन कागदावर सांडता."

ते उभेच राहिले. जाळ्याची एक गाठ आवळून ती म्हणाली, "बसा. वाचा पयल्या पानापासून."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. कुठे ती "राहू द्या" म्हणे, कुठे "फाडा". फाडलेलं पान ती चुलीत सारे. आपल्या हातून उतरलेलं तेवढंच बरं लिखाण जळताना कृष्णरावांना दिसत होतं. अर्धी वही गेली.

"तुमच्यामागं हे कोणाले ठाऊक राहील?" त्यांनी चाचरत विचारलं.

"तुमाले. ऐकलं ना?"

"माझ्या ध्यानाचा भरवसा नाही, बाई."

"मंग सांगा. तलावाच्या उगवतीच्या पाळीखाली काय लावतो आपण?"

कृष्णरावांनी आठवून आठवून सांगितलं. दोन नावं चुकली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली, आणि जाळं बाजूला ठेवून त्यांच्याकडे पाहत बसली.